हिरोशिमानंतर दोन रात्री मात्सुयामा, आईला घेऊन जमेल का?

पार्लेकर_मीनल

नमस्कार मंडळी, दिवाळी आटपली की नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही जपानला निघतोय, मी, नवरा आणि माझी आई. मुंबईहून जाऊन येऊन ११ दिवस. तोक्यो, क्योतो, हिरोशिमा हे ठरलंय. हिरोशिमानंतर दोन रात्री मोकळ्या आहेत आणि त्यात ओसाका घाला असं जो तो सांगतोय, पण मला क्योतोच्या गर्दीनंतर पुन्हा मोठं शहर, मॉल, रांगा हे नकोच वाटतंय. नकाशा बघताना हिरोशिमाच्या समोर, समुद्रापलीकडे शिकोकू बेटावर मात्सुयामा दिसलं, वाचलं तर तिथे जुनं गरम पाण्याचं स्नानगृह आहे, डोंगरावर किल्ला आहे, ट्राम आहे, आणि तेव्हापासून तेच डोक्यात बसलंय. दादरच्या एका टूरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, तिथे आपलं कोणी जात नाही, तिथे काय आहे?

आता अडचणी सांगते. आई ६८ वर्षांची, चालते व्यवस्थित पण जिने चढताना गुडघा धरतो, बीपीची गोळी चालू आहे. शाकाहारी, अंडं चालतं. नवरा मालवणचा, त्याला दोन वेळा मासा दिला की तो खूश. आणि आईचं एक मनापासूनचं आहे की तिला गरम पाण्याच्या कुंडात एकदा तरी बसायचंय, लहानपणी आजीबरोबर वज्रेश्वरीला जायची त्याच्या आठवणी अजून सांगते. पण तिथे म्हणे कपडे काढून सगळ्यांबरोबर बसावं लागतं, ते तिला अजून सांगितलेलंच नाही.

दोन रात्रींसाठी एवढं वाकडं जाणं बरोबर आहे का? कोणी गेलंय का? खाण्याचं काय, राहायचं कुठे, सगळं सांगा प्लीज.

लोकलप्रवासी

मीनलताई, जा. मी २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो, तीन रात्री राहिलो, आणि परत आल्यावर सासूबाई क्योतोबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि मात्सुयामाबद्दल अर्धा तास.

पहिलं म्हणजे हे वाकडं नाहीच. हिरोशिमा बंदरातून थेट बोट आहे, जलद बोट साधारण ७० मिनिटांत नेते आणि मोठी संथ फेरी अडीच तासांपेक्षा थोडं जास्त घेते. आईंना घेऊन संथवालीच घ्या, स्वस्त पण आहे, डेकवर उभं राहता येतं आणि सेतो समुद्र म्हणजे आपला समुद्र नाही हो, लाटच नाही, एकामागून एक हिरवी बेटं सरकत जातात आणि मध्ये मध्ये छोट्या मासेमारी होड्या. मांडव्याच्या बोटीची सवय असलेल्याला तर ते तळ्यासारखं वाटेल. हिरोशिमा स्टेशनहून बंदरापर्यंत ट्राम जाते, अर्धा तास धरा. मात्सुयामाच्या बंदरावरून दोगोला, म्हणजे ते जुनं स्नानगृह आहे त्या भागाला, बस मिळते. रेल्वे पास या बोटीला चालत नाही हे लक्षात ठेवा, आणि पासचंच म्हणाल तर २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ७ दिवसांचा पास ५०,००० येन झाला, त्यामुळे सुटी तिकिटं जोडून हिशोब करा मगच ठरवा.

परत येताना मात्र रेल्वे. मात्सुयामाहून ओकायामाला शिओकाझे नावाची एक्सप्रेस आहे, साधारण पावणेतीन तासांत पोचवते, ती १९८८ साली सुरू झालेल्या सेतो ओहाशी पुलावरून जाते. वर रस्ता, खाली रूळ, त्यामुळे खिडकीतून लोखंडी खांबांच्या मधून समुद्र दिसत राहतो. सासरे त्या पुलावर एक शब्द बोलले नाहीत, आयुष्यभर मध्य रेल्वेत नोकरी केलेला माणूस, नुसते काचेला कपाळ लावून बसले होते. ओकायामाहून पुढे शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन. किंवा मात्सुयामाहून तोक्योच्या हानेदाला विमान आहे, दीड तास.

एक गोंधळ आधीच सांगतो. मात्सुयामात दोन स्टेशनं आहेत, एक जेआरचं म्हणजे जपान रेल्वेचं मात्सुयामा आणि दुसरं मात्सुयामाशी, म्हणजे शहर स्टेशन, ते इयोतेत्सु कंपनीचं. दोन्ही वेगळी, चालत गेलं तर बऱ्यापैकी लांब. दादर नावाची पश्चिमला आणि मध्यला वेगळी स्टेशनं नवख्याला कशी फसवतात तसंच. बुकिंगमध्ये नाव नीट वाचा.

राहायचं दोगोलाच. शहराच्या मध्यात हॉटेलं स्वस्त मिळतील पण दोगोत राहिलात तर सकाळ आणि रात्र तुमची, बाकी दिवसभर ट्राम आहेच. ट्रामबद्दल काय सांगू, मुंबईची ट्राम १९६४ला बंद झाली, आमचे सासरे लहानपणी बसलेले, ते दोन दिवस नुसते ट्राममधून फिरले. ओतेमाची नावाच्या जागी ट्रामचे रूळ लोकलच्या रुळांना काटकोनात छेदतात, फाटक पडतं आणि गाड्यांबरोबर ट्राम पण थांबते, लोकल जाते, मग ट्राम ठणठणत रूळ ओलांडते. हे बघायला जपानी लोक पण कॅमेरा घेऊन उभे असतात. सुटे पैसे ठेवा जवळ, उतरताना ड्रायव्हरजवळच्या डब्यात टाकायचे.

किल्ला नक्की करा. जपानात मूळ लाकडी मुख्य बुरूज शाबूत राहिलेले किल्ले फक्त १२ उरलेत, बाकी बरेचसे सिमेंटचे नवे आहेत, आणि मात्सुयामा त्या १२ मधला. १६०२ला बांधायला घेतला, पुढे वीज पडून मुख्य बुरूज जळाला आणि १९व्या शतकात पुन्हा लाकडातच उभा केला. डोंगर १३२ मीटरचा. वर जायला रोपवेची केबिन आहे आणि बाजूला एका माणसाची खुर्ची, पाय लोंबकळत जाते. आईंना केबिनमध्ये बसवा. वरच्या स्टेशनापासून पुढे दहाएक मिनिटं चढण आहे, फरसबंद, हळूहळू जमेल. पण बुरुजाच्या आतले जिने म्हणजे शिडीच, तिथे गुडघेवाल्यांनी अजिबात जाऊ नये. सासूबाई बाहेरच्या पटांगणात बाकावर बसल्या, तिथूनही सगळं शहर आणि समुद्र दिसतो, काही बिघडत नाही.

दादरची_चिमणी

स्नानगृहाचं मी सांगते, कारण मी पण आईला घेऊन गेले होते आणि हीच भीती होती.

दोगो ओनसेन होनकान ही ती जुनी लाकडी इमारत, १८९४ची. सार्वजनिक स्नानगृह असून राष्ट्रीय महत्त्वाचा वारसा म्हणून दर्जा मिळालेलं जपानमधलं पहिलं. २०१९ पासून दुरुस्ती चालू होती, ती संपून २०२४च्या जुलैपासून पूर्ण उघडलंय, त्यामुळे तुम्हाला पडदे नसलेलं बघायला मिळेल. वर पांढरा बगळा बसवलाय, कारण गोष्ट अशी की पायाला जखम झालेला बगळा रोज या पाण्यात पाय बुडवायचा आणि बरा होऊन उडून गेला, मग लोकांना पाण्याचा गुण कळला. आईंना ही गोष्ट आधी सांगा, गुडघ्याचं मनावर घेतील.

बायकांचा आणि पुरुषांचा भाग पूर्ण वेगळा असतो हे सगळ्यात आधी सांगा त्यांना. कपडे काढावेच लागतात, पोहायचा ड्रेस चालत नाही. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, मगच कुंडात उतरायचं. छोटा पांढरा टॉवेल असतो, तो पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. माझी आई दारातच थांबली होती, मी परत जाते म्हणाली. तेवढ्यात एक ऐंशीच्या पुढच्या आजी आल्या, वाकलेल्या, त्यांनी आईकडे बघून मान हलवली, आपला टॉवेल घडी करून डोक्यावर ठेवला आणि हाताने "ये" अशी खूण केली. आई गेली. कुंड दगडाचं, मध्ये दगडी खांबासारखं, त्याच्या तोंडातून पाणी पडतं, अगदी आपल्या गोमुखासारखं. वज्रेश्वरीला गंधकाचा वास असतो ना, इथे वास नाही, पाणी मऊ, अंगावर गुळगुळीत लागतं. त्या आजी आईच्या शेजारी बसल्या आणि दोघी एकमेकींची भाषा येत नसताना गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी बोलत होत्या, मला वाटतं दुखण्याचंच.

आता बीपीचं. पाणी साधारण ४२ अंश असतं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा गरम. पाच मिनिटं, बाहेर, परत पाच मिनिटं, बस. उठताना हळू उठायचं, काठ धरून. डॉक्टरांना निघायच्या आधी विचाराच. जेवल्या जेवल्या जाऊ नका, आणि पाणी प्या.

तरीही आईंना नकोच वाटलं तर दोन पर्याय आहेत. एक, जवळच आसुका नो यु नावाची नवीन इमारत आहे २०१७ची, तिथे कुटुंबासाठी वेगळी स्नानखोली आधी बुक करता येते. दोन, दोगोच्या ट्राम स्टेशनसमोर चौकात पाय बुडवून बसायची जागा आहे, फुकट, साडी जरा वर धरली की झालं. तिथेच एक घड्याळ आहे, ठरावीक वेळी ते वर वर उघडत जातं आणि आतून बाहुल्या बाहेर येतात.

होनकान सकाळी ६ला उघडतं आणि तेव्हा वरच्या मनोऱ्यात ढोल वाजवतात, ६ला, दुपारी १२ला आणि संध्याकाळी ६ला. सकाळच्या ढोलाला जाऊन उभ्या राहा, तेव्हा गावातलेच लोक असतात, पर्यटक उठलेले नसतात. वरच्या मजल्याचं तिकीट काढलं तर युकाता म्हणजे सुती झगा, चहा आणि खायला तांदळाचं बिस्किट मिळतं, तातामीच्या गवती चटईवर आरामात बसता येतं, पण त्याला वेळेची मर्यादा आहे.

पार्लेकर_मीनल

चिमणी, तुमचं वाचून आईला सगळं सांगून टाकलं. पाच मिनिटं गप्प होती, मग म्हणाली "त्या आजींना जमतं तर मला का नाही". खूप खूप आभार. आता खाण्याचं कोणीतरी बोला, ती खरी काळजी आहे.

उसळपाव

खाण्याचं दोन भागात सांगतो, आधी तुमच्या मिस्टरांचं कारण ते सोपं आहे.

इथला राजा म्हणजे ताई मासा, दिसायला आपल्या तांबोशाकडे झुकणारा, लालसर, पांढऱ्या घट्ट मांसाचा. याचा ताईमेशी म्हणजे ताई-भात, आणि तो दोन प्रकारचा असतो हे माहीत नसेल तर फसायला होतं. मात्सुयामाकडचा प्रकार म्हणजे अख्खा मासा तांदळाबरोबर भांड्यात शिजवतात, मग काटे काढून भातात मोडून कालवतात. दक्षिणेकडच्या उवाजिमाचा प्रकार वेगळा, तिथे कच्च्या माशाचे पातळ काप, सॉसमध्ये फेटलेलं कच्चं अंडं, आणि ते गरम भातावर ओतायचं. मालवणी माणसाला पहिला लगेच पटेल, दुसऱ्याला धीर लागतो पण मला तोच जास्त आवडला, माशाला वासच नव्हता.

दुसरं जाकोतेन. छोटे मासे काट्यासकट वाटून चपट्या वड्या तळतात, रंग राखाडी, दिसायला काही खास नाही. दोगोच्या बाजाराच्या गल्लीत गरम मिळते, चावताना बारीक कचकच लागते ती काट्यांची. दिवसाला चार खायचो मी. नाबेयाकी उदोन म्हणून जाड शेवया अॅल्युमिनियमच्या छोट्या टोपात उकळत आणून देतात, गोडसर रस्सा, चाळीसच्या दशकापासून चालणारी जुनी दुकानं गिनतेनगाई बाजाराजवळच्या गल्लीत आहेत, माल संपला की बंद, म्हणून दुपारीच जा. पण वर गोडसर शिजवलेलं मांस असतं, बहुतेक ठिकाणी बीफ, तुम्हाला चालत नसेल तर आधी विचारा.

आता आई. जपानात अडचण मांसाची कमी, दाशीची जास्त. दाशी म्हणजे रस्स्याचं मूळ पाणी, त्यात कात्सुओबुशी, म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा धुरावून लाकडासारखा कडक वाळवलेला, त्याच्या पापुद्र्यांचा अर्क. मिसो सूप, उदोन, भाज्यांची उकड, अंड्याची पोळी, सगळ्यात. त्यामुळे भाजीचं आहे म्हणजे शाकाहारी आहे असं धरू नका. "निकु तो साकाना वा ताबेमासेन" म्हणजे मांस आणि मासे खात नाही, आणि त्याला जोडून "दाशी मो दामे देस", दाशी पण नको. हे जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. राहायच्या जागेला बुकिंग करतानाच कळवा, आयत्या वेळी त्यांना जमत नाही आणि नाही म्हणायला त्यांना फार जड जातं, बिचारे पुन्हा पुन्हा माफी मागत राहतात.

माझ्या बायकोने काय केलं सांगतो. मेतकूट आणि लसणीची चटणी घरून नेली, तूप छोट्या डबीत, आणि दुकानातून साधा गरम भात घेतला. जपानी भात आपल्या आंबेमोहोरापेक्षाही चिकट, त्यावर मेतकूट-तूप, ती म्हणे इतका छान मऊ भात घरी होत नाही. शिवाय उकडलेली अंडी, टोफू, रताळी, केळी सगळीकडे. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मांसाचं काहीही सामानात नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

आणि संत्री! हा एहिमे प्रांत म्हणजे जपानचं नागपूर. नोव्हेंबरला मिकान सुरू झालेली असतात, पातळ सालीची, बिया जवळपास नाहीत. दोगोत वेगवेगळ्या जातींचे रस शेजारी शेजारी लावलेले असतात, तीन छोटे ग्लास घेऊन चव ताडून बघायची. इथल्या घरांत नळाला संत्र्याचा रस येतो अशी जपानभर थट्टा चालते, तर मात्सुयामाच्या विमानतळावर त्यांनी खरंच रसाचा नळ बसवलाय. गोडात आईंना बोत्चान दांगो द्या, काडीला तीन रंगांचे गोळे, आणि तार्तो म्हणून केकची गुंडाळी, आत गोड वाटलेल्या लाल चवळीसारख्या कडधान्याचं पुरण, युझू लिंबाचा वास. पुरणपोळीवर वाढलेल्या माणसाला ते पुरण परकं वाटत नाही.

सह्याद्रीवेडा

मी जरा वेगळं म्हणतो, रागावू नका. ११ दिवसांत प्रवासाचे दोन जातील, म्हणजे ९ राहिले, त्यात चार ठिकाणी बिछाना बदलणं ६८व्या वर्षी सोपं नाही. बोटीत चढ, बस पकड, ट्रंक ओढ. त्यापेक्षा हिरोशिमाहून शिनकानसेनने ओकायामाला उतरा, वाटेवरच आहे. कोराकुएन बाग जपानच्या तीन नामांकित बागांमधली, १७००च्या सुमारास पुरी झालेली, बरीचशी सपाट, मोठी हिरवळ, गुडघ्याला त्रास नाही. कुराशिकीचा कालवा आणि जुनी पांढरी गोदामं तिथून लोकलने वीसएक मिनिटांच्या आत. आई दमल्या तर तासाभरात हॉटेलवर.

लोकलप्रवासी

सह्याद्रीवेडा, मुद्दा बरोबर आहे आणि गरम पाण्याची इच्छा नसती तर मी पण ओकायामाच सांगितलं असतं. सामानाचं मात्र सुटतं, मोठ्या बॅगा हिरोशिमाच्या हॉटेलातूनच कुरिअरने तोक्योच्या हॉटेलला पाठवून द्यायच्या, तिथे ती सोय सगळीकडे आहे, आणि पाठीवरची एकेक सॅक घेऊन बोटीत चढायचं. आम्ही तसंच केलं. फक्त एक करा मीनलताई, दोन रात्रीत शिमोनादा स्टेशन, उचिकोचं जुनं गाव, शिमानामीच्या पुलांवरची सायकल हे सगळं कोंबू नका. शिमोनादाला फलाटासमोर थेट समुद्र आहे, फोटो बघून मन होतं, पण गाड्या फार कमी, एक चुकली की बाकावर बसून राहा. आणि नोव्हेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, दिवस छोटा.

एकादशी_२२

सगळ्यांनी सांगितलं पण इशितेजी कोणीच कसं नाही सांगितलं. दोगोहून पंधरा-वीस मिनिटं चालत.

शिकोकू बेटावर ८८ देवळांची यात्रा आहे, जवळपास १,२०० किलोमीटर, चालत केली तर चाळीस दिवसांच्या वर लागतात. त्यातली ८ देवळं मात्सुयामातच आहेत आणि इशितेजी हे ५१वं. ही यात्रा कोबो दाइशी म्हणजे कुकाई या साधूच्या नावाने, ८व्या-९व्या शतकातला, ज्याने चीनमधून मंत्रमार्गी बौद्ध पंथ जपानात आणला. यात्रेकरू पांढरे कपडे, गवती टोपी, हातात काठी. टोपीवर आणि काठीवर लिहिलेलं असतं "दोग्यो निनिन", म्हणजे दोघं मिळून चालतोय, एकटा चाललो तरी दाइशी बरोबर आहे. काठी म्हणजे तेच. मुक्कामाला पोचल्यावर आपले पाय धुवायच्या आधी काठीचं टोक धुतात. मी दोन वेळा आळंदीहून पंढरपूरला चाललेय, हे वाचून माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि तिथे प्रत्यक्ष एका म्हाताऱ्या गृहस्थांना नळाखाली काठी धुताना बघितलं तेव्हा तर काही सुचेना.

देवळाच्या नावाची गोष्ट आईंना सांगा. एमोन साबुरो नावाचा श्रीमंत माणूस, दाराशी आलेल्या भिक्षूला रोज हाकलायचा, शेवटी त्याने भिक्षापात्र फोडलं. मग त्याची आठही मुलं एकेक करून गेली. तेव्हा त्याला कळलं भिक्षू कोण होता, आणि माफी मागायला तो बेटाभोवती निघाला, २० फेऱ्या झाल्या भेट नाही, २१वी उलट्या दिशेने केली आणि वाटेत कोसळला तेव्हा दाइशी समोर उभे. मरताना त्याच्या हातात दगड दिला. पुढे इथल्या सरदाराच्या घरी मूल झालं ज्याची मूठ उघडेना, उघडली तर आत तो दगड. इशिते म्हणजे दगड-हात. आजही यात्रा उलटी केली तर जास्त पुण्य मानतात ते यावरूनच.

तिथे बसलात तर लोक एकसुरात सूत्र म्हणताना ऐकू येईल. शेवटी "ग्यातेई ग्यातेई हारा ग्यातेई" येतं, ते म्हणजे आपलं संस्कृतच, गते गते पारगते. शिलांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरं दिसतात, होमाला ते गोमा म्हणतात. आईंना परक्या देवळात आल्यासारखं वाटणार नाही.

आणि वारीत आपण जसं वाटेवर लाडू, चहा, केळी देतो ना, तसं तिथले लोक यात्रेकरूंना देतात, त्याला ओसेत्ताई म्हणतात. संत्रं, चहा, कधी नुसते शंभर येन.

पार्लेकर_मीनल

ठरलं मंडळी. दोन रात्री दोगो, जाताना संथ फेरी, येताना पुलावरून रेल्वे, मोठ्या बॅगा कुरिअरने. सह्याद्रीवेडा, तुमचं ऐकून क्योतोचा एक दिवस कमी करून मध्ये आरामाचा दिवस ठेवलाय, ते बरं झालं सांगितलंत.

आईला एकादशीताईंचं वाचून दाखवलं. ती उठली आणि सामानाच्या यादीत राजगिऱ्याचे लाडू लिहून आली, त्या वारकऱ्यांना द्यायला. ते चालतील का नेलेले?

एकादशी_२२

दुकानातलं सीलबंद पाकीट न्या, सामानाचं विचारलं तर खाऊ आहे म्हणून सरळ दाखवा. देताना दोन्ही हातांनी द्यायला सांगा. ते बहुतेक लगेच खिशातून कागदाची लांबट चिठ्ठी काढून आईंना देतील, त्यावर त्यांचं नाव असतं, ती मोडू नका, जपून ठेवायची असते. पांढरी असेल तर त्यांच्या पहिल्या चार यात्रांमधली, सोनेरी मिळाली तर तो माणूस ५० वेळा फिरून आलेला.